तेहेतीस फुटांची साखळी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा या नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका आहे. आज तिथे ऊस उभा असतो, साखर कारखाने चालतात, उजनीच्या जलाशयाचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. १८३५ साली या तालुक्यात गावेच्या गावे ओस पडत चालली होती. पाऊस बेभरवशाचा होताच, पण दुष्काळाची सवय असलेल्या माणसांनी पावसापायी गाव सोडले नव्हते. सरकारी सारा झेपेना, म्हणून कुळे रातोरात बैल हाकत शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली होती. उत्तम काळी राने पडीक होती आणि मागच्या थकबाकीचे आकडे कचेरीतल्या वह्यांत वाढत होते.

ही परिस्थिती ज्याच्या मोजणीमुळे ओढवली तो रॉबर्ट कीथ प्रिंगल हुशार माणूस होता. इंग्लंडात हेलीबरी कॉलेजात कंपनीचे सनदी नोकर तयार होत आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. जमिनीच्या खंडाचा जो सिद्धांत त्या वेळी इंग्लंडात गाजत होता, तो घेऊन प्रिंगल दख्खनमध्ये आला. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत पीक किती येते ते काढायचे, नांगरणी-पेरणी-मजुरीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर त्यात खोट नव्हती. पण प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न खरोखर ठरवायचे कसे? ते काम हाताखालच्या कारकुनांवर आणि मोजणीदारांवर पडले. मोजण्या चुकल्या, लाच चालली, ज्याने हात ओले केले त्याची जमीन हलकी ठरली. त्यातच धान्याचे भाव घसरले आणि रोख रकमेत ठरवलेला सारा दुप्पट जड झाला. वसुलीसाठी रयतेचा अमानुष छळ झाला, हे इंग्रज सरकारच्याच नंतरच्या अहवालांनी मान्य केले आहे.

या सगळ्याची तपासणी करायला हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड नावाचा तरुण सनदी नोकर इंदापुरात आला. त्याच्या मदतीला बॉम्बे इंजिनिअर्समधले लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आणि लेफ्टनंट नॅश हे दोन लष्करी अधिकारी देण्यात आले. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला बार्टल फ्रियर तेव्हा पुणे जिल्ह्यात नवखा साहाय्यक होता, त्यानेही या चौकशीत भाग घेतला. गोल्डस्मिड आणि विंगेट दोघेही १८१२ सालचे, म्हणजे तेवीस वर्षांचे. एवढ्या कोवळ्या वयाच्या परक्या माणसांच्या हाती एका तालुक्याचे जगणे-मरणे सोपवलेले होते. वसाहतीचा कारभार असाच चाले आणि त्याची किंमत बहुतेक वेळा रयत मोजत असे. या खेपेला इंदापूरच्या रयतेला थोडी बरी माणसे मिळाली.

विंगेट हा स्थापत्य जाणणारा शिपाईगडी होता, अर्थशास्त्री नव्हता, आणि या कामात तेच उपयोगी पडले असे मला वाटते. त्याने आणि गोल्डस्मिडने निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडूनच दिला. गणपतरावांचे रान सखारामच्या रानापेक्षा किती सरस आहे, हे डोळ्यांनी पाहून आणि हाताने उकरून सांगता येते. त्या रानातून खर्च वजा जाता किती रुपये उरतात, हे खुद्द त्या शेतकऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. म्हणून जमिनींचा आपसातला दर्जा शेतात ठरवायचा आणि एकूण सारा किती घ्यायचा ते गावाच्या गेल्या वीस-तीस वर्षांच्या इतिहासावरून ठरवायचे, अशी विभागणी त्यांनी केली. कोणत्या साली किती आकारणी झाली, किती वसूल झाली, किती सूट द्यावी लागली, किती जमीन पेरली गेली, भाव काय होते, हे सारे त्यांनी आलेखांवर उतरवले. ज्या दराला लागवड वाढली तो दर सोसणारा, ज्या दराला राने पडली तो न सोसणारा.

हे काम जमिनीवर कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेताच्या कागदामागे ते उभे आहे.

आधी मोजणी. मोजणीदाराच्या हातात लोखंडी साखळी असे, तिची लांबी ३३ फूट. साखळीचे सोळा भाग पाडलेले, प्रत्येक भागाला आणा म्हणत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर १ एकर. इंग्लंडात मोजणीची साखळी ६६ फुटांची होती. इथे तिची निम्मी घेतली. काठी, पांड, बिघा, चाहूर ही जुनी मापे आपल्याकडे होती, पण काठीची लांबी गावागणिक आणि कधी कधी माणसागणिक बदलत असे. जमिनीच्या कसाप्रमाणे बिघाही लहान-मोठा धरला जाई. आता माप एकच झाले. शेताच्या आतून एक लांब आधाररेषा टाकायची, शंकू रोवून त्या रेषेवर काटकोन साधायचा आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर लिहून घ्यायचे. यालाच आपल्याकडे शंकू-साखळी मोजणी म्हणतात. शेताची ती कच्ची आकृती आणि तिच्यावरची मापे म्हणजे टिपण. टिपणावरून क्षेत्र काढण्याचा हिशेब गुणाकार बुकात. त्यावरून गावचा नकाशा, आणि प्रत्येक शेताचे क्षेत्र व आकार, म्हणजे सारा, दाखवणारा आकारबंद. भूमी अभिलेख कार्यालयात बांधाच्या भांडणापायी ज्याने खेटे घातले आहेत त्याला हे शब्द तोंडपाठ असतात.

शेताला दिलेला क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर. एका बैलजोडीने जेवढे रान कसता येईल तेवढे साधारणपणे एका नंबरात धरले. म्हणून भाताच्या जमिनीचा नंबर लहान आणि हलक्या जिरायतीचा मोठा. नंबरांच्या कडेला बांध आणि दगडी खुणा ठेवणे बंधनकारक केले.

मग प्रतवारी. प्रतदार शेतात येई तो पहार घेऊन. शेताच्या आकृतीचे तो सारखे चौकोन पाडी आणि प्रत्येक चौकोनात खणून माती बघे. पहिल्या प्रतीची माती म्हणजे बारीक, एकसारखी, काळी किंवा गडद तपकिरी. दुसऱ्या प्रतीची जरा भरड, रंगाने फिकी, बहुधा तांबूस. तिसऱ्या प्रतीची मुरमाड, बरड. नुसता रंग पाहून भागत नसे, खोलीही पाहायची. पहिल्या प्रतीची माती पावणेदोन हात खोल लागली तर ती जमीन १६ आण्यांची. दीड हात लागली तर १४, सव्वा हात लागली तर १२, एक हात लागली तर १० आणे. असे करत सर्वांत खाली पाव हात मुरमाड जमीन, तिला २ आणे. त्यानंतर दोष बघायचे. चुनखडीचे खडे आहेत का, वाळू मिसळली आहे का, उतार आहे का, पाणी मुरत नाही का, ओढ्याचा लोंढा वरून जातो का. प्रत्येक दोषाला एक पायरी खाली. म्हणजे हातभर खोल काळ्या जमिनीत चुनखड असेल तर ती दहावरून आठ आण्यांवर येई. हे सारे प्रतदार आपल्या आकृतीतल्या त्या त्या चौकोनात खुणांनी लिही. चौकोनांची सरासरी काढली की शेताची आणेवारी हाती येई.

समजा गावाचा सर्वांत वरचा दर एकरी १ रुपया, म्हणजे १६ आणे, ठरला असेल, तर आठ आण्यांच्या रानाला एकरी आठ आणे सारा. गावांचे गट पाऊस, बाजाराचे अंतर आणि शेतीची रीत पाहून पाडले जात आणि गटागणिक वरचा दर वेगळा असे. खालच्यांच्या कामावर विंगेटचा सरसकट भरवसा नव्हता. प्रिंगलच्या मोजणीचे हाल त्याच्या डोळ्यांसमोर होते. वरिष्ठ अधिकारी निवडक शेते स्वतः पुन्हा मोजत, पुन्हा उकरून पाहत आणि फरक निघाला तर ते काम रद्द होई. एवढ्या बारकाईने, इतक्या गावांत, इतकी वर्षे हे काम नेटाने चालले याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यात पहार चालवणारे, साखळी ओढणारे आणि मोडीत टिपणे लिहिणारे मराठी हात शेकडो होते. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

इंदापूरचा नवा सारा १८३६ पासून लागू झाला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला गेला. दर बरेच उतरवले होते. तीस वर्षांत शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली, बांध घातला, तरी सारा वाढणार नव्हता. नको असलेला नंबर सोडून देण्याची मुभा होती. पडलेली राने पुन्हा वहितीला आली, गेलेली कुळे परतली, आणि मुंबई सरकारला आपल्या हाती पद्धत आली याची खात्री पटली. मग ती पुणे जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांत, नगर, सोलापूर, नाशिक, धारवाड, बेळगाव असे करत पसरत गेली. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि पाहणीतलाच त्यांचा सहकारी डेव्हिडसन या तिघांनी मिळून सारी पद्धत एका संयुक्त अहवालात बांधून टाकली. पुढे १८६५ चा पाहणी कायदा आणि १८७९ चा जमीन महसूल कायदा याच पायावर उभे राहिले. वऱ्हाडात आणि म्हैसूर संस्थानातही ही पद्धत गेली. सातबाऱ्यावरची हक्कनोंद ही नंतरची, विसाव्या शतकाच्या आरंभीची. गट नंबर तर १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतरचे. पण क्षेत्र आणि आकार हे त्यावरचे दोन रकाने ज्या पाहणीतून उतरले, ती विंगेटच्या पद्धतीची.

सगळीकडे तिचे स्वागत झाले असे मात्र नाही. खानदेशात १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात पाहणीविरुद्ध मोठा उठाव झाला. हजारोंनी लोक जमले आणि मोजणी बंद करा म्हणाले. साखळी शेतात आली की पिढ्यान्पिढ्या ज्या रानाची नोंद कमी होती ते उघडे पडणार आणि सारा वाढणार, ही भीती होती. गावच्या कारभारात देशमुख-पाटलांचा जो हात होता तो सुटणार, हेही होते. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी पुढे रेटली. रयतेच्या भल्यासाठी म्हणवणाऱ्या कामाला रयतेची संमती घेण्याची गरज कुणालाच वाटली नाही. गोल्डस्मिडने दक्षिण महाराष्ट्रात सुरू केलेल्या, सारामाफीच्या इनाम जमिनींच्या चौकशीचेही तसेच झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले, इनामदारांकडे सनदा मागण्यात आल्या आणि ज्यांना कागद दाखवता आले नाहीत त्यांची इनामे गेली. १८५७ च्या सुमारास त्या भागात जो असंतोष धुमसत होता त्यात या कमिशनचा वाटा मोठा होता. गोल्डस्मिड तेव्हा नव्हता. प्रकृती ढासळून मायदेशी परतताना १८५५ च्या जानेवारीत कैरोत त्याचे निधन झाले.

विंगेट पाहणी खात्याचा कमिशनर झाला, आणि इथून पुढचा विंगेट मला जास्त मोलाचा वाटतो. कारण आपल्या यशातला घातक भाग त्याला इतरांच्या आधी दिसला.

पाहणीने शेतकऱ्याच्या हातात एक नवी चीज दिली होती. नंबर त्याच्या नावावर, सारा ठरलेला, आणि तो नंबर विकता येणारा, गहाण ठेवता येणारा. पेशवाईत मिरासदाराचा वंशपरंपरागत हक्क होता, बाहेरून आलेल्या उपऱ्याची वहिवाट होती, पण सावकाराने कर्जापोटी जमीन उचलून न्यावी इतकी ती सुटी नव्हती. विकायला निघाली तर भाऊबंद आडवे येत, पंचायत बसे. सावकारालाही गावातच राहायचे असे आणि कूळ पळून गेले तर त्याचेच पैसे बुडत. इंग्रजी राज्यात सावकाराच्या मदतीला दिवाणी कोर्ट आले. निशाणी केलेला कागद पुढे केला की हुकूमनामा मिळे. कुळाने काय समजून निशाणी केली ते विचारणारे कुणी नव्हते. त्यात सारा रोख आणि ठरल्या हप्त्याला भरायचा. पीक हाती येण्याआधी हप्ता आला की शेतकरी सावकाराच्याच ओसरीवर जाणार. म्हणजे सारा हलका झाल्याने जमिनीला जी किंमत आली, तिच्यावरच सावकाराचे कर्ज पोसले गेले.

१८५२ साली विंगेटने सरकारला हे लेखी कळवले. कायद्याने कुळाला सावकाराच्या पायाशी नेऊन टाकले आहे, कूळ कष्ट करते आणि फळ दुसरा नेतो, आणि या झगड्याने दोघेही माणूस म्हणून खालावत आहेत, असा त्या अहवालाचा आशय होता. अहवाल दप्तरात गेला. विंगेट लवकरच निवृत्त होऊन इंग्लंडला परतला आणि १८६६ साली त्याला सर हा किताब मिळाला.

पुढे घडले ते त्याने वर्तवल्याहून वाईट होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सगळ्याच मालाचे भाव चढले. इंदापूरची तीस वर्षांची मुदत भरली ती नेमकी याच सुमारास. फेरपाहणी करणाऱ्यांनी चढलेले भाव धरून सारा वाढवला. पाठोपाठ भीमथडी, हवेली अशा तालुक्यांत तेच झाले. कुठे दीडपट, कुठे त्याहून जास्त. अमेरिकेची लढाई संपल्यावर भाव कोसळले, पण वाढवलेला सारा पुढच्या तीस वर्षांसाठी कायम होता. बहराच्या वर्षांत मोकळ्या हाताने कर्ज देणाऱ्या सावकारांनी आता तगादे लावले. नुकत्याच स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांची गाऱ्हाणी गोळा करून मांडली. महात्मा फुल्यांनी तर ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये दर तीस वर्षांनी होणाऱ्या या पैमाशीवर आणि वाढत्या साऱ्यावर आसूडच ओढला.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी एकत्र झाले आणि त्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे, खाती, हुकूमनामे बाहेर काढले आणि पेटवून दिले. पुढच्या काही आठवड्यांत शिरूर, पारनेर, श्रीगोंदे अशा तालुक्यांतल्या गावागावांत हेच झाले. बहुतेक ठिकाणी माणसांना फारसा हात लागला नाही. कागद तेवढे जाळले गेले. ज्या सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले त्याला लोकांनी सोडून दिले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालात विंगेटचे १८५२ चे लिखाण वर काढले. तेवीस वर्षांपूर्वी मिळालेला इशारा दंगा झाल्यावर वाचला गेला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. त्याच साली विंगेट वारला.

विंगेटचे मोठेपण किती मानावे, यावर मी बरीच वर्षे घुटमळलो आहे. रयतेवरचा सारा त्याने उतरवला, पण तो अशा राज्याचा सारा होता की जे रयतेला विचारून चालत नव्हते. त्याची पद्धत प्रामाणिक हातांत होती तोवर सोसवणारी होती. वरचा दर ठरवण्याचा अधिकार मात्र साहेबाच्या अंदाजावर सोडलेला असल्याने, पुढच्या साहेबांनी तोच अधिकार वापरून दर चढवले तेव्हा शेतकऱ्याला दाद मागायला जागा नव्हती. दर्जा मोजण्याचे शास्त्र झाले, पण दर ठरवण्याचे शास्त्र कधी झालेच नाही. हा दोष विंगेटच्या पायाभरणीतलाच आहे आणि तो त्याच्या नावावर मांडला पाहिजे.

तरीही त्याचे शेवटचे मोठे काम मी त्याच्या बाजूने धरतो. १८५७ चा उठाव मोडून काढल्यावर त्याचा सगळा खर्च हिंदुस्थानच्या माथी मारायचे चालले होते. १८५९ साली विंगेटने लंडनमध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या आर्थिक संबंधांवर एक छोटे पुस्तक छापले. जन्मभर सारा बसवण्याचे काम केलेला हा माणूस त्यात सारा जातो कुठे, हे विचारत होता. ज्या देशातून कर गोळा होतो त्याच देशात तो खर्च झाला, तर पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. शिपायाला पगार मिळतो, शिपाई बाजारात धान्य घेतो, शेतकऱ्याचा माल खपतो. तोच कर देशाबाहेर गेला तर त्या देशाच्या दृष्टीने तो समुद्रात बुडाल्यासारखाच. लंडनमधल्या कचेऱ्यांचा खर्च, पेन्शनी, कर्जावरचे व्याज, फौजेची देणी असे हिंदुस्थानच्या तिजोरीतून दरसाल जे इंग्लंडला जात होते त्याला विंगेटने सरळ खंडणी म्हटले. हिंदुस्थान जिंकण्याचा खर्चही हिंदुस्थानानेच भरला, इंग्लंडने स्वतःच्या तिजोरीतून त्यासाठी काही दिले नाही, हे त्याने मांडले, आणि ही खंडणी दोन्ही देशांना घातक आहे, ती थांबवली पाहिजे असे सांगितले.

दादाभाई नौरोजी संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत उभारत होते तेव्हा हे पुस्तक त्यांच्या हाताशी होते. पार्लमेंटच्या लोकांपुढे हिंदी माणसाचे म्हणणे तक्रार ठरवून बाजूला सारता येई. मुंबई इलाख्याचा सारा ज्याने बसवला त्या अधिकाऱ्याचे म्हणणे तसे सारता येत नव्हते. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दादाभाईंनी विंगेटचे उतारे दिले आणि रमेशचंद्र दत्तांनीही आर्थिक इतिहास लिहिताना त्याचा आधार घेतला. लंडनचा तो भरणा मात्र इंग्रज राज्य संपेपर्यंत चालूच राहिला.